शकुंतलेनें नाकारलेली अंगठी

मध्यमवर्गीय घरांत एखादें तरी कपाट असें असतें कीं, त्यांतील वस्तूंचा उपयोग कोणी विचारूं नये. काशीहून आणलेला गंगेचा गडू, रामेश्वराचा शंख, सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं, वडिलांचें बंद पडलेलें घड्याळ! झाडलोट करतांना त्यांची अडचण होते, आणि तरी तीं पुसून पुन्हां जागच्या जागीं ठेविलीं जातात. कां, असें विचारल्यास उत्तर ठरलेलें: आठवण म्हणून. परंतु आठवण ती वस्तु ठेवते, कीं आपण ठेवतों? या प्रश्नाचा सर्वांत कठोर विचार आमच्या वाचनांत आला तो एका नाटकांत, आणि त्या नाटकाच्या नांवांतच ओळखीच्या खुणेचा उल्लेख आहे. आम्ही 'अभिज्ञानशाकुंतला'विषयीं बोलत आहों. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं तें मराठी संगीत रंगभूमीवर आणल्यापासून दुष्यंताची अंगठी आपल्या ओळखीची झालेली आहे. इतकी कीं, तिच्याकडे नीट पाहण्याचें आपण सोडून दिलें आहे.

या नाटकावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. आमच्या वर्गांतही दरवर्षीं तो कोणीतरी घेतोच. महाभारताच्या आदिपर्वांतील कथेंत अंगठी नाहीं व शापही नाहीं. तेथें राजाला सर्व आठवत असतें, आणि आठवत असूनही तो ओळख नाकारतो. शकुंतला भर सभेंत त्याला सडेतोड उत्तर देते, आणि आकाशवाणी झाल्यावर तो पत्नीचा व पुत्राचा स्वीकार करतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप व मुद्रिका मध्यें घालून राजाला सोडविलें, आणि मानी स्त्रीला दुबळी केलें, असें आक्षेपकांचें म्हणणें. पुरुषाच्या अपराधाचें ओझें एका दागिन्यावर टाकणें ही पळवाट नव्हे काय? हा आक्षेप निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु अंगठी नाटकांत कोणतें काम करते, हें पाहिल्यावांचून निकाल देणें घाईचें होईल.

तुलनेसाठीं वाल्मीकीकडे जावें. रामाच्या नांवाची मुद्रिका घेऊन हनुमान अशोकवनांत जातो, आणि उलट खूण म्हणून सीता चूडामणि देते. मात्र मणि देण्यापूर्वीं ती दुसरीही एक खूण देते. चित्रकूटावर एका कावळ्यानें तिला कसें छळलें व रामानें त्याला कसें शासन केलें, ही त्या दोघांच्या एकांतांतील हकीकत ती सांगते. वस्तु कोणाच्याही हातीं पडूं शकते, पण ही हकीकत तिच्यावांचून कोण सांगणार? दोन्ही खुणा तेथें सफल होतात, याचें कारण दोन्हीकडील मनें जागीं आहेत. खुणेनें पटवावयाचा असतो तो केवळ दूताचा खरेपणा. प्रेमाला साक्षीची गरजच नाहीं.

कालिदासानें याच दोन प्रकारच्या खुणा घेतल्या आणि दोन्ही निष्फळ करून दाखविल्या. पांचव्या अंकांत शकुंतला प्रथम बोट पाहते, तों अंगठी नाहीं. ती शचीतीर्थाच्या पाण्यांत गळून पडलेली आहे. मग ती हकीकत सांगते. वेलीच्या मांडवांत हरिणाचें पाडस राजाच्या हातचें पाणी पिईना, तिच्या हातचें मात्र प्यालें. तेव्हां, तुम्ही दोघेंही रानांतलीं, अशी त्यानें थट्टा केली होती. राजा हें ऐकतो आणि स्त्रीजातीच्या चातुर्यावर टोमणा मारतो. येथें आणखी एक क्रूर गोष्ट लक्षांत घ्यावी. खुणेचा अलंकार दिसतांच शाप सुटेल, हें सख्यांना ठाऊक होतें. परंतु शकुंतलेचें मन कोमल म्हणून त्यांनीं शापाची वार्ता तिच्यापासून लपविली. ज्या वस्तूवर तिचा संसार टांगलेला होता, तिचें मोल तिलाच माहीत नव्हतें.

पुढें अंगठी रोहित माशाच्या पोटांत सांपडते व राजाला सर्व आठवतें. आठवण परत येते, माणूस परत येत नाहीं. सहाव्या अंकांत राजा प्रथम अंगठीलाच दोष देतो. पण लगेच त्याला उमगतें कीं, ती तर अचेतन, तिला गुणांची पारख कोठून असणार. आपण सचेतन असून प्रियेला कसें झिडकारलें? आक्षेपकांनीं हें स्थळ पुन्हां वाचावें. कवीनें अंगठीवर ठेविलेलें ओझें राजा येथें स्वतः उचलून घेतो.

सातव्या अंकांत तर निकालच लागतो. राजा अंगठी पुन्हां तिच्या बोटांत घालूं पाहतो, आणि शकुंतला नको म्हणते. आपला तिच्यावर विश्वास नाहीं, ती आर्यपुत्रांनींच घालावी, असें ती सांगते. शापाची हकीकत कळण्यापूर्वींचें हें बोलणें आहे. आम्हांस याचा अर्थ असा वाटतो कीं, जो विसरला त्यानेंच यापुढें आठवण वागवावी. महाभारतांतील मानी स्त्री नाहींशी झालेली नाहीं. तिचा आवाज तेवढा हळू झाला आहे. त्यानंतर मारीच ऋषि शापाचा उलगडा करून सर्वांचें समाधान करितात, तें मात्र आम्हांस फार लवकर झालेलें वाटतें. त्या एका नकाराला कवीनें आणखी थोडा अवकाश द्यावयास हवा होता.

आज खिशांतल्या मोबाइलमध्यें हजारों छायाचित्रें राहतात, आणि तीं आहेत म्हणून आपण निश्चिंत असतों. दुष्यंताच्या प्रधानमंडळाला याहून अधिक पुरावा मागतां आला नसता. पण पुराव्यानें ओळख पटते, आठवण ठेवणें हें मनाचेंच काम. कपाटांतील बंद घड्याळ मुलांनीं हातीं घेतल्यास त्यांना रागावूं नये. तें कोणाचें होतें, तें सांगावें. आणि त्या रात्रीं सवड मिळाल्यास शाकुंतलाचे शेवटचे दोन अंक पुन्हां वाचावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.