ग्रीक वीर आणि मराठी वीरगळ : नायकसंकल्पनेचा तौलनिक विचार

प्रस्तावना
पाश्चात्त्य साहित्यविचाराच्या अध्यापनात ‘हिरो’ या ग्रीक संज्ञेसाठी ‘नायक’ हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. नायकाचा संबंध कथानकाशी असतो. ग्रीकांच्या धर्मजीवनात मात्र ‘हिरो’ म्हणजे मृत्यूनंतर ज्याच्या थडग्यापाशी पूजा व बळी अर्पण केले जात असा मर्त्य मानव होय. हा विधीचा पदर प्रतिशब्दात गळून पडतो. दुसरीकडे, ग्रीक वीरांना अवतारांच्या पंक्तीत बसविण्याचाही मोह होतो. ही दोन्ही समीकरणे अपुरी असून महाराष्ट्रातील वीरगळ हे तुलनेचे अधिक योग्य साधन आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

मर्त्यतेची मर्यादा
हेसिअडने कांस्य व लोह या पिढ्यांच्या मध्ये वीरांची पिढी कल्पून तिला अर्धदेव म्हटले. परंतु अर्धदेवत्व म्हणजे अमरत्व नव्हे. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात खुद्द झ्यूसचा पुत्र सार्पेडॉन पॅट्रोक्लसच्या हातून मारला जातो. झ्यूस रक्ताचे थेंब वर्षून शोक व्यक्त करतो; पण मृत्यूची मर्यादा ओलांडत नाही. निद्रा आणि मृत्यू हे जुळे बंधू त्याचे शव लिसिया या त्याच्या मायभूमीत नेतात. दफनाचा उंचवटा आणि स्मृतिशिला हाच तेथे त्याचा सन्मान ठरतो. अवतारात देव मानवरूपाने खाली येतो. ग्रीक वीर मर्त्य म्हणून जन्मतो आणि मर्त्य म्हणूनच मरतो. ऑलिंपसवर पोहोचलेला हेराक्लीस हा अपवाद होय. त्याचीही काही ग्रीक लोक देव म्हणून आणि वीर म्हणून स्वतंत्रपणे पूजा करीत, असे हेरोडोटसने नोंदविले आहे.

वीरगळाची भाषा
वीरगळाच्या खालच्या चौकटीत बहुधा युद्धाचा किंवा गोधनरक्षणाचा प्रसंग असतो. मुंबईतील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धही कोरलेले आहे. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. सार्पेडॉनला आणि या वीराला वाहून नेणाऱ्या हातांची दिशा परस्परविरुद्ध आहे : एक प्रवास मातीकडे, दुसरा देवाकडे. ग्रीक वीराचे सामर्थ्य अस्थींत मानले जाई, म्हणूनच इ.स.पू. पाचव्या शतकात किमॉनने थीसिअसच्या म्हणून समजल्या गेलेल्या अस्थी स्कायरॉसहून अथेन्सला आणल्या. वीरगळावरील वीर मात्र शिल्पात देव होत नाही, भक्त होतो. त्याला देवत्व देते ती लोकपरंपरा. शेंदूर लावताच तीच शिळा ग्रामदैवत बनते.

काव्य आणि शिळा
अकिलीस अल्पायुष्याच्या बदल्यात अक्षय कीर्ती स्वीकारतो. ही कीर्ती नावाशी निगडित असून ती काव्यातून टिकते. वेरूळच्या कैलास मंदिरावरील रामायण-महाभारताच्या शिल्पपटांतील वीरही काव्यामुळेच ओळखू येतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर मात्र लेख नाही. सेट्टर व सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या १९८२ च्या ग्रंथाने स्मारकशिळांच्या अभ्यासाला मोठी चालना दिली, रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात गोपजनांच्या दैवताचा महादैवतापर्यंतचा प्रवास उलगडला. मराठीतील नायकविचाराने मात्र या अभ्यासाची पुरेशी दखल घेतलेली नाही.

निष्कर्ष
ग्रीसमध्ये काव्य आणि थडगे परस्परपूरक राहिले. ‘इडिपस कोलोनस येथे’ या नाटकात सोफोक्लीझ वृद्ध इडिपसच्या दफनस्थळालाच अथेन्सचे रक्षक बनवितो. तेथे इडिपसकडे केवळ शोकात्म नायक म्हणून पाहिल्यास नाटकाचा शेवट अनाकलनीय वाटतो. आपल्याकडे महाकाव्यांचे नायक देव झाले आणि गावासाठी पडलेला वीर निनावी शिळेत उरला. केवळ ग्रंथांवर उभारलेली नायकमीमांसा या दुसऱ्या वीरापर्यंत पोहोचत नाही. हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. सार्पेडॉनचे थडगे नाहीसे झाले तरी होमरचे काव्य उरते. लेख नसलेला, गाणे नसलेला वीरगळ पायरीच्या दगडाखाली गेला की त्या वीराचे काहीच उरत नाही. म्हणून मराठी व इतिहास विभागांनी परिसरातील वीरगळांची नोंद एकत्रितपणे करणे, हा नायकसंकल्पनेच्या अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.