फारोला नाव नाही



कुठलाही धर्मग्रंथ हातात आला की आधी बघावं, त्यात नाव कुणाचं ठेवलंय आणि कुणाचं खाल्लंय. ज्यूंचा हिब्रू ग्रंथ, ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तो तसा वाचून बघू. मोशे आणि दावीद यांचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत. आपण मागच्या रांगेतली माणसं धरू.

'निर्गम', अध्याय १. मिसरचा राजा फर्मान काढतो : इब्री बायांना मुलगा झाला तर जागीच मारा. काम दोन सुइणींवर. त्या मारत नाहीत. जाब विचारला तर तोंडावर सांगतात, या बाया दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. सुइणींची नावं ग्रंथात आहेत, शिफ्रा आणि पुवा. राजाचं? 'फारो' ही नुसती पदवी. हा फारो नेमका कोण, यावर पंडित अजून भांडताहेत.

एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. पुढं वाचा.

'उत्पत्ति'तली हागार, मिसरी दासी. मालकीण म्हणते 'माझी दासी', मालक म्हणतो 'तुझी दासी'. दोघांच्या तोंडी तिचं नाव एकदाही येत नाही. पोटुशी असताना जाच सोसेना म्हणून ती रानात पळते, तिथं देवदूत तिला नावानं हाक मारतो. मग तीच देवाला नाव देते : एल-रोई, पाहणारा देव. गुलाम बाईनं देवाचं नाव ठेवावं, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच देवदूतानं तिला बजावलंय, मालकिणीकडं परत जा, तिच्या हाताखाली राहा. नाव मिळालं, सुटका नाही.

'शास्ते' उघडा. इफ्ताह नवस बोलतो, जिंकून आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. सामोरी येते एकुलती एक पोर, डफ वाजवत. बापाला नाव आहे, पोरीला नाही. अध्याय १९ मध्ये एक लेवी आपली उपपत्नी गावगुंडांच्या हाती देतो आणि नंतर तिचे बारा तुकडे करतो. तिथं लेव्यालाही नाव नाही, खरं. पण त्याला तोंड आहे. ती अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. फिलिस ट्रिबल या अमेरिकन बाईंनी १९८४ साली या बायांवर 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' लिहिलं, तेव्हा कुठं अभ्यासकांना जाग आली.

आता 'यिर्मया', अध्याय ३८. संदेष्टा चिखलाच्या टाक्यात रुतलाय. त्याला बाहेर काढतो एक कूशी, मिसरच्या दक्षिणेकडचा काळा माणूस. दोराबरोबर तो जुन्या चिंध्या खाली सोडतो, म्हणतो, या काखेत धर. दोर कसा काचतो, हे ज्याला ठाऊक त्यालाच हे सुचतं. त्याचं नाव एबद-मेलेख. अर्थ 'राजाचा चाकर'. हे नाव की हुद्दा? त्याची आई त्याला काय म्हणायची, ते ग्रंथात नाही. चिंध्या मात्र आहेत.

तेव्हा नाव सापडलं की ग्रंथ आपला, असं समजू नका. विचारा : नाव कुणी ठेवलं? बोलायला तोंड दिलं का? सुटका झाली का?

आणि उद्या मोर्च्याचा अहवाल लिहाल, तेव्हा पुढाऱ्यांची यादी देऊन भाकरी भाजणाऱ्यांना 'महिला मंडळी' म्हणून उडवू नका. आपलीही पोथी कुणीतरी असंच वाचणार आहे.