सर्जनशील लेखनातील ‘संशोधन’

कथा-कविता पदवीसाठी प्रबंध म्हणून स्वीकाराव्यात की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने आपल्यापुरता १९२२ सालीच सोडविला. आज ब्रिटनमध्ये कादंबरी लिहून डॉक्टरेट मिळविता येते. मात्र तिला बहुधा एक चिकित्सक निबंध जोडावा लागतो, आणि संशोधन जणू त्या निबंधातच असते अशी समजूत दिसते. आम्हांस ती मान्य नाही. आपल्याच कलाकृतीचे वकीलपत्र घेतलेला निबंध परीक्षकाच्या शंकांना आगाऊ उत्तरे देण्यापलीकडे सहसा जात नाही.

फ्लॅनरी ओकॉनर यांनी १९४७ साली आयोवात प्रबंध म्हणून सहा कथा सादर केल्या. त्यांतील ‘द जिरेनियम’ या कथेतला दक्षिणेकडील वृद्ध न्यूयॉर्कला लेकीच्या घरी येऊन पडला आहे. समोरच्या खिडकीतील कुंडी पाहत बसणे एवढेच त्याच्या हाती उरते, आणि अखेर तीही खाली पडून फुटते. हे कथाबीज ओकॉनर यांनी पुढेही सोडले नाही. त्यांच्या निधनानंतर १९६५ साली संग्रहात आलेल्या ‘जजमेंट डे’ या तिच्या अखेरच्या रूपातील म्हातारा नुसता झुरत नाही. जिवंत वा मृत, गावी परतावयाचेच असे ठरवून तो निघतो आणि जिन्यातच मरतो. हळहळीच्या जागी निश्चय आला, व कथेचा तोलच पालटला. सुधारलेल्या ग्रंथास आपण ‘संशोधित आवृत्ती’ म्हणतो. सर्जनशील लेखकाचे संशोधन ते हेच.

तेव्हा प्रबंधास निबंधाऐवजी टाकून दिलेले खर्डे जोडावेत, असे आम्ही सुचवितो. परीक्षकांना दुप्पट वाचावे लागेल, पण त्यास इलाज नाही.