येनानची भाषणे आणि शेणाचे हात

घाटनांदूरला एका रद्दीच्या दुकानात माओ त्से-तुंगच्या निवडक लेखनाचा तिसरा इंग्रजी खंड मिळाला. पेकिंगला १९६५ साली छापलेला. लेखन १९४१ ते १९४५ या युद्धकाळातील. आधीच्या वाचकाने पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. मे १९४२ मध्ये येनान येथे साहित्य आणि कला यांवर माओने केलेल्या भाषणांत 'साहित्य कोणासाठी?' या प्रश्नाखाली दुहेरी रेघ आहे. आपल्याकडील बांधिलकीच्या चर्चा बहुतेक त्या दुहेरी रेघेवरच चालत आल्या. मला रेघ नसलेल्या दोन जागांविषयी लिहायचे आहे.

माओ सांगतो की, विद्यार्थिदशेत त्याला शिकलेली माणसेच स्वच्छ वाटत. दुसऱ्या विद्यार्थ्याचे कपडे तो घालू शके, कामगार-शेतकऱ्याचे मात्र नकोसे वाटत. पुढे त्यांच्यात राहिल्यावर कळले की, हात मळलेले आणि पाय शेणाने भरलेले असले तरी स्वच्छ तेच. ही कबुली प्रामाणिक आहे. पण ती वरून खाली उतरणाऱ्याची आहे. येनानचा लेखक जनतेकडे 'जातो'. दलित लेखक कोठे जाणार? तो तेथूनच आला आहे. शेण त्याच्या आईच्या हाताला होते. आणि आपल्याकडे शेण पवित्र, ते उचलणारीचा हात मात्र विटाळाचा! जातीची घाण पाहणाऱ्याच्या मनात असतेच, शिवाय ती पाणवठ्यावर, वस्तीच्या जागेत आणि सातबाऱ्यावरही असते. मन बदलून ती जात नाही. तेव्हा 'लोकांत जा' हा उपदेश दलित लेखकाला करणाऱ्यांनी कोणाच्या लोकांत, हेही सांगावे. (प्राध्यापक झाल्यापासून माझेही हात कोरडे आहेत. वस्तीवर गेलो की बाज झटकून मगच मला बसायला देतात. त्या अर्थाने माओचा प्रश्न मलाही चुकलेला नाही.)

दुसरी जागा लू शूनसंबंधीची. काळोख्या राजवटीत लू शूनला उपरोधाचे शस्त्र वापरावे लागले. आमच्या मुलखात क्रांतिकारक लेखकांना स्वातंत्र्य आहे, तेव्हा तशा निबंधांची येथे गरज नाही, असे माओ म्हणतो. हे बोलावे का लागले? त्याच वर्षी मार्चमध्ये वांग शी-वेई या लेखकाने येनानच्या पक्षपत्रात लिहिले होते की, येथे कपड्यांचे तीन आणि अन्नाचे पाच दर्जे आहेत. पंगतीपासून लांब बसवून ज्यांना वाढले गेले, त्यांना हे पाच दर्जे समजावून सांगावे लागत नाहीत. वांगवर सभा झाल्या, त्याला पक्षातून काढले, अटक केली आणि १९४७ मध्ये ठार मारले. त्याच्यावरील ठपका पुसला जायला १९९१ उजाडले.

'आता सूर बदला' हे दलित साहित्यालाही ऐकवले गेले. ऐकवणारे प्रस्थापित होते, म्हणून आपण ते झिडकारले. आपल्याच चळवळीतून कोणी ऐकवले तर? नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा ध्येयातील साम्य मान्य करून त्यांनी हिंसा आणि हुकूमशाही या मार्गांवर बोट ठेवले. आपल्या वक्त्यांनी त्या भाषणाचा उपयोग बहुधा मार्क्सवाद्यांना गप्प करण्यापुरता केला. मला ते वांगच्या बाजूने वाचावेसे वाटते. त्याचा लेख निदान पक्षाच्या पत्रात छापून तरी आला. आपल्या संघटनांतील पोटजातींच्या ताटांविषयी उद्या एखाद्या कार्यकर्त्याने असे लिहून पाठवले, तर आपली किती नियतकालिके ते छापतील?