राजसत्ता आणि पार्लमेंट : दोन ग्रंथांचें पुनर्वाचन

इंग्लंडच्या राजाची सत्ता क्रमाक्रमानें पार्लमेंटच्या हातीं कशी गेली, ही हकीकत आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांच्या मनांत ठसली ती बहुतांशीं दोन ग्रंथकारांमुळें. पहिला लॉर्ड मेकॉले. त्याच्या इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन खंड १८४८ सालीं निघाले, पुढील दोन १८५५ सालीं, आणि पांचवा त्याच्या मृत्यूनंतर १८६१ सालीं. दुसरा वॉल्टर बॅजट. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील त्याचे निबंध १८६७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. मेकॉलेनें झगडा वर्णिला. बॅजटनें झगडा संपल्यावर संसार कसा चालला आहे तें दाखविलें. दोन्ही ग्रंथ आजहि गोडीनें वाचवतात. परंतु दोहोंच्या आधारें जें चित्र आपण मनाशीं धरून बसलों आहों, तें कितपत खरें आहे याची शहानिशा केली पाहिजे; कारण राज्यकर्त्यांस आवर कसा घालावा याविषयींची आपली समजूत बरीचशी त्या चित्रावर उभी आहे.

मेकॉलेचा मोठा गुण हा कीं, कायद्याच्या रुक्ष वादांत तो जीव ओततो. १६८८ सालचा सात बिशपांवरील खटला त्याच्या लेखणींतून उतरला म्हणजे वाचक न्यायालयाच्या दाराशीं ताटकळत उभा राहतो. इंग्रजांनीं १६८८ त नवें कांहीं मागितलें नाहीं, पूर्वापार चालत आलेले हक्क तेवढे राखले, असा त्याचा एकंदर अभिप्राय. मेकॉले स्वतः व्हिग पक्षाचा. १८३१ सालीं सुधारणेच्या बिलावर त्यानें कॉमन्स सभेंत केलेलीं भाषणें गाजलीं होतीं. त्यामुळें त्याच्या इतिहासांत कसलेल्या वकिलाची तडफ आहे, पण विरुद्ध पक्षाच्या साक्षीदारांना पुरता अवसर नाहीं.

या दृष्टीचा पहिला दोष असा कीं, तींत राजा आणि पार्लमेंट हे प्रारंभापासून एकमेकांचे वैरी भासतात. मेकॉलेची खरी कथा १६८५ पासून सुरू होते. त्यापूर्वींचीं शतकें तो आरंभींच्या प्रकरणांत भराभर ओलांडतो. परंतु पार्लमेंटला मोठें केलें तें पुष्कळ अंशीं राजांनींच. आठव्या हेन्रीनें पोपशीं संबंध तोडला तो केवळ हुकुमानें नव्हे. १५२९ ते १५३६ पर्यंत चाललेल्या पार्लमेंटकडून एकामागून एक कायदे करवून घेऊन तोडला. हेन्रीसारख्या उग्र राजानें धर्मासारख्या विषयांत पार्लमेंटची मोहोर मागितली, तेव्हां त्या मोहोरेवांचून कांहींच पक्कें होत नाहीं हा धडा तोच प्रजेला देत होता. जें हत्यार त्यानें आपल्या सोयीसाठीं पाजळलें, तें पुढें त्याच्या गादीवर बसणारांवर उगारलें गेलें.

दुसरा दोष असा कीं, निर्णायक प्रसंग म्हणून आपण नाट्यपूर्ण प्रसंगच ध्यानांत ठेवतों. पहिल्या चार्लसनें १६२९ ते १६४० अशीं अकरा वर्षें पार्लमेंटवांचून काढलीं. जहाजपट्टीच्या खटल्यांत १६३८ सालीं बारांपैकीं सात न्यायाधीशांनीं त्याच्या बाजूनें कौल दिला. तरीहि स्कॉटलंडच्या लढाईचा खर्च आला आणि त्याला पार्लमेंट बोलवावेंच लागलें. पुढें यादवी झाली आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं राजाचा शिरच्छेद झाला. येथें नाटक संपावें. पण इतिहास संपत नाहीं. चारच वर्षांनीं, एप्रिल १६५३ मध्यें, क्रॉमवेलनें शिपायांकरवीं त्याच पार्लमेंटला सभागृहाबाहेर काढलें. राजा गेला तरी तरवार कोणाच्या हातीं, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचें उत्तर मिळालें तें १६८९ नंतर : शांततेच्या काळीं पार्लमेंटच्या संमतीशिवाय खडें सैन्य ठेवणें बेकायदा ठरलें, सैन्याच्या शिस्तीचा कायदा थोडक्या मुदतीचा करून तो पुन्हा पुन्हा मंजूर करून घेण्याची वहिवाट पडली, आणि पैशासाठीं दरसाल सभा बोलाविणें भाग पडूं लागलें. कुऱ्हाडीला जें साधलें नाहीं तें हिशेबाच्या वहीनें साधलें.

मेकॉलेच्या पंथावर सर्वांत प्रसिद्ध हल्ला केला तो हर्बर्ट बटरफील्ड यानें, १९३१ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकांत. भूतकाळाला वर्तमानाच्या मापानें मोजून त्यांतील माणसांना प्रगतीचे मित्र व शत्रु अशा दोन रांगांत उभें करणें हा इतिहास नव्हे, असें त्याचें म्हणणें. तें बिनतोड आहे. तथापि याच बटरफील्डनें १९४४ सालीं, महायुद्ध चालू असतांना, दुसरें पुस्तक लिहून त्याच व्हिग परंपरेविषयीं कृतज्ञता दाखविली, हें विसरतां कामा नये. आमच्या मतें दोन्ही विधानांत सत्य आहे. १२१५ सालची सनद मूळांत सरदारांच्या हिताची. ती पोपनें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें रद्दहि ठरविली. पण सतराव्या शतकांतील कायदेपंडितांनीं तिलाच सर्व प्रजेच्या स्वातंत्र्याचें मूळ मानलें, आणि त्या श्रद्धेच्या बळावर ते राजापुढें ताठ उभे राहिले. इतिहास म्हणून जें सदोष, तें राजकारणांत फलदायी ठरलें.

बॅजटची तऱ्हा निराळी. तो भावनेच्या आहारीं जात नाहीं. राज्यघटनेचा एक भाग लोकांच्या मनांत आदर उत्पन्न करण्यासाठीं, दुसरा प्रत्यक्ष काम करण्यासाठीं, अशी त्याची विभागणी. राणी पहिल्यांत, मंत्रिमंडळ दुसऱ्यांत. राजाला सल्लामसलतीचा, उत्तेजनाचा व इशारा देण्याचा हक्क उरला, इतकेंच त्याचें म्हणणें. परंतु १९०७ सालीं व्हिक्टोरिया राणीचीं पत्रें प्रसिद्ध झालीं, तेव्हां दिसून आलें कीं परराष्ट्रीय कारभारांत ती बॅजटच्या कल्पनेपेक्षां कितीतरी अधिक हात घालीत असे. १८५१ सालीं पामर्स्टनचें मंत्रिपद गेलें त्यामागें तिची दीर्घकालीन नाराजी होती. म्हणजे बॅजटनें जें वर्णन म्हणून लिहिलें, तें अंशतः उपदेशच होतें. गंमत अशी कीं उपदेश फळला : पंचम जॉर्जला राजपुत्र असतांना बॅजटचा ग्रंथ अभ्यासावा लागला, आणि पुढच्या राजांनीं तो जणूं पाठच केला.

सत्तेचा हा ओघ सरळ रेषेनें गेला नाहीं, याचा उत्तम दाखला आपल्या देशाशीं निगडित आहे. १७८३ सालीं फॉक्सनें ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारासंबंधीं बिल आणलें. कॉमन्स सभेनें तें मंजूर केलें. तेव्हां तिसऱ्या जॉर्जनें लॉर्डांच्या कानीं घातलें कीं, जो या बिलास अनुकूल मत देईल तो माझा शत्रु. बिल पडलें, मंत्रिमंडळ गेलें, आणि चोवीस वर्षांचा पिट मुख्य प्रधान झाला. १७८४ च्या निवडणुकींत मतदारांनीं राजाचीच बाजू उचलून धरली! हाच डाव १८३४ सालीं चौथ्या विल्यमनें मेलबर्नवर टाकला. पण पुढल्याच वर्षीं निवडणुकीनें मेलबर्नला परत आणलें. दोहोंच्या मध्यें १८३२ चा सुधारणा-कायदा होता. राजाचा हक्क कागदावर तोच राहिला. बदलले ते मतदार.

आतां मुख्य मुद्दा. राजाचे हक्क गेले म्हणजे गेले कोठें? मेकॉले-बॅजटांच्या वाचकाला वाटतें, पार्लमेंटकडे. वस्तुतः त्यांतील पुष्कळसे प्रधानाच्या हातीं गेले. ऑगस्ट २०१९ मध्यें मुख्य प्रधान जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून दुसऱ्या एलिझाबेथ राणीनें पार्लमेंटचें कामकाज पांच आठवडे तहकूब करण्याचा हुकूम दिला. २४ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें तो निरर्थक ठरविला, आणि त्यासाठीं आधार घेतला १६११ सालच्या राजाज्ञांसंबंधींच्या निवाड्याचा. स्टुअर्ट राजांसाठीं घडविलेला लगाम चारशें वर्षांनीं लोकनियुक्त प्रधानास घालावा लागला. मंत्रिमंडळ व कायदेमंडळ यांचा एकजीव हा बॅजटला घटनेचा परम गुण वाटला. त्या गुणाच्या पोटीं असलेला धोका त्याला दिसला नाहीं.

आपणांस हा प्रश्न परका नाहीं. हीच पद्धति आपण १९५० सालीं स्वीकारली. २५ जून १९७५ च्या रात्रीं राष्ट्रपतींनीं प्रधानमंत्र्यांच्या सल्ल्यानें आणीबाणीच्या घोषणेवर सही केली; मंत्रिमंडळापुढें ती गोष्ट आली दुसऱ्या दिवशीं सकाळीं. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचें स्पष्ट लिहिलें. राजपदाला जखडण्याची बॅजटची शिकवण तेथें तंतोतंत पाळली गेली. परंतु संकट राजपदाकडून आलेंच नव्हतें. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें आणीबाणीसाठीं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला, तेव्हां कोठें लगाम योग्य तोंडाशीं आला.

म्हणून हे दोन्ही ग्रंथ तरुणांच्या हातीं अवश्य द्यावेत. मेकॉले धैर्यासाठीं, बॅजट कारभाराच्या उलगड्यासाठीं. मात्र मेकॉले वाचतांना हेंहि सांगावें कीं, हाच स्वातंत्र्याचा शाहीर १८३४ ते १८३८ पर्यंत हिंदुस्थानांत गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांत बसला होता, आणि त्या कौन्सिलांत प्रजेनें निवडलेला एकहि मनुष्य नव्हता. आणि दोन्ही ग्रंथ मिटल्यावर एक प्रश्न विचारावयास शिकवावें : ज्याच्या हातून सत्ता काढून घेतली त्याचें नांव कळलें, ती आज कोणाच्या हातीं आहे, आणि त्याला दरसाल कोणापुढें हात पसरावा लागतो? ज्या राज्यांत याचें उत्तर सामान्य नागरिकाला देतां येतें, तेथेंच पार्लमेंट जिंकलें असें म्हणावें.