नेवाशाचा रुपया

विद्यार्थ्यांना घरातली जुनी नाणी आणायला सांगा. त्यांत १९९९ सालचा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया सापडला, तर त्याला लोहचुंबक लावून पाहा. तो चटकन चिकटेल. त्याच वर्षी निघालेले शिवाजी महाराजांचे अकरा कडांचे दोन रुपयांचे नाणे मात्र चिकटणार नाही. पहिले स्टेनलेस स्टीलचे आहे, तर दुसऱ्यात तांबे ७५ टक्के व निकेल २५ टक्के.

हा फरक केवळ किमतीचा नाही, चित्राचाही आहे. टाकसाळीत धातूच्या पत्र्यातून चकत्या कापतात, तापवून मऊ करतात, कड उंचावतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबतात. त्या दाबाखाली धातू ठशातल्या खोलगट भागात सरकतो आणि चित्र उठून येते. तांबे-निकेल त्या मानाने सहज सरकते. पोलाद अडून बसते. म्हणून पोलादी नाण्यावर उठाव कमी ठेवावा लागतो. शिवाय पाठीमागे अशोकस्तंभाचे सिंह असतात, आणि दोन्ही बाजूंना लागणारा धातू एकाच चकतीतून यायचा असतो.

आता ज्ञानेश्वरांच्या रुपयाकडे पाहू. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. कड आणि दोन लिप्यांतली अक्षरे वजा केली, तर चित्राला जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जागा उरते. एवढ्या जागेत, एवढ्या कमी उठावात चेहऱ्यावरचा भाव दाखवणे कठीण. काही वर्षांच्या वापरानंतर संत ओळखायचे ते नाव वाचूनच. माझ्या मते इथे चूक ठसा कोरणाऱ्याची नाही, विषय निवडणाऱ्याची आहे. आपल्या जिल्ह्यात नेवाशाला प्रवरेकाठी, ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आहे. सरळ रेषांची ती आकृती पोलादावर स्वच्छ उठली असती आणि झिजूनही ओळखू आली असती.

तरीही या नाण्याचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. त्याचा आकार, वजन आणि धातू त्या काळच्या साध्या रुपयाचेच होते. त्यामुळे ते कपाटात न राहता बाजारात फिरले. याउलट आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी प्रकाशित झालेले नाणे ३०० रुपयांचे आहे. ते संग्राहकांसाठी आहे. चोंडीच्या आठवडी बाजारात भाजीवालीच्या हाती ते कधी पडणार नाही. ज्यांच्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा सर्वांसाठी होत्या, त्यांचे स्मरण असे पेटीत बंद का असावे?

चलनी स्मारक नाण्यालाही मर्यादा आहे. दहा रुपयांची नाणी अनेकांनी खोटी समजून नाकारली, तेव्हा सर्व १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगावे लागले. नमुने वाढले की ओळख हरवते आणि ओळखीबरोबर विश्वासही जातो. म्हणून स्मारक नाणी मोजकीच, पण चलनातली असावीत. आणि त्यांवर धातूला झेपेल असेच चित्र असावे.

शेवटी विद्यार्थ्यांना २५ मिलिमीटरचे वर्तुळ द्या आणि आपल्या गावाचे नाणे काढायला सांगा. काय गाळायचे हे ठरवताना त्यांची खरी कसोटी लागेल.