तीच फळी

संत अथनेशियस यांच्या ‘शब्दाच्या देहधारणेविषयी’ या छोटेखानी ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात एक उपमा येते. लाकडी फळीवर कुणाचं तरी व्यक्तिचित्र काढलेलं आहे. बाहेरून डाग पडून ते इतकं पुसट झालंय की चेहरा ओळखू येत नाही. अशा वेळी ज्याचं ते चित्र आहे, त्यालाच पुन्हा येऊन समोर बसावं लागतं. तेव्हा कुठे त्याच लाकडावर ती प्रतिमा नव्यानं उमटू शकते. आणि त्या चेहऱ्याखातर फळीसुद्धा कुणी फेकून देत नाही.

उपमा एवढीच, दोन-तीन वाक्यांची. पण ती चौथ्या शतकातल्या इजिप्तमधली आहे, हे लक्षात ठेवून वाचावी. त्याच इजिप्तमधल्या फायूम भागात लाकडी फळ्यांवर, मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेली व्यक्तिचित्रं मोठ्या संख्येनं सापडली आहेत. मृताच्या चेहऱ्याच्या जागी ती बसवत. मोठ्या डोळ्यांची ती माणसं आजही संग्रहालयांतून थेट आपल्याकडे बघत असतात. अलेक्झांड्रियाच्या वाचकाला फळीवरचा चेहरा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

या उपमेत चित्रकार नाही. कोण रंगवतो, कशानं रंगवतो, याबद्दल अथनेशियस काही बोलत नाहीत. प्रतिमा ‘नवी केली जाते’, एवढंच म्हणतात. सगळं लक्ष दोघांवर आहे: समोर येऊन बसणारा तो, आणि ही फळी. मानव देवाच्या प्रतिमेत घडवला गेला, हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं विधान ख्रिस्ती धर्मविचारात सर्वत्र येतं. अथनेशियस त्याला पुढचा प्रश्न विचारतात: प्रतिमा मळली, तर ती कोणाला बघून दुरुस्त करायची? दुसऱ्या माणसाकडे बघून होणार नाही, कारण तोही प्रतिमेवरूनच घडलेला. देवदूत तर मुळात प्रतिमाच नव्हेत. ज्याची ती प्रतिमा, तो पित्याचा शब्द, म्हणजे ख्रिस्त. म्हणून त्यानंच यायला हवं. येशूचं येणं इथे आधी नमुना म्हणून येणं आहे. न्यायालय, शिक्षा, दंड हे सगळं या चित्रात कुठेच नाही.

हा ग्रंथ लिहिणारा माणूस मात्र शांतपणे चित्रं न्याहाळत बसणारा नव्हता. तिसरं शतक संपता संपता त्यांचा जन्म झाला. डायोक्लेशियनच्या आज्ञेनं 303 साली सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात ते लहान होते. 325च्या नायसियाच्या परिषदेला ते बिशप अलेक्झांडर यांच्यासोबत गेले, 328 साली स्वतः अलेक्झांड्रियाचे बिशप झाले आणि 373 साली मृत्यू येईपर्यंत पाच वेळा हद्दपार झाले. भांडण होतं एरियसच्या मताशी: पुत्र हा निर्माण केलेला, पित्यापेक्षा कमी प्रतीचा. गंमत अशी, की ज्या ग्रंथाबद्दल आपण बोलतो आहोत त्यात एरियसचं नाव एकदाही येत नाही. म्हणून काही अभ्यासक तो वादाच्या आधीचा, म्हणजे 318च्या सुमाराचा मानतात, तर काही पहिल्या हद्दपारीच्या आसपासचा. नाव नसलं तरी पेच तिथेच आहे. समोर येऊन बसणारा हा खुद्द नसेल, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कुणी असेल, तर फळीवर उमटेल तो चेहराही दुसऱ्याचाच.

ग्रंथाची सुरुवात बेथलेहेमपासून होत नाही. ती सृष्टीच्या निर्मितीपासून होते, आणि लेखक तसं बजावूनही सांगतो. सगळं शून्यातून झालं. म्हणून जे काही आहे त्याची ओढ पुन्हा शून्याकडे आहे. देव कंजूष नसल्यानं त्यानं मानवाला आपल्या प्रतिमेचा वाटा दिला आणि त्या वाट्यामुळे ही ओढ थोपवली गेली. मानवानं पाठ फिरवली आणि तो थोपवलेला ओघ पुन्हा सुरू झाला. पाप म्हणजे नियमभंग, हे अथनेशियस नाकारत नाहीत. पण त्यांना जास्त भीती वाटते ती विरून जाण्याची. माणूस हळूहळू नाहीसा होत चाललाय.

मग सहाव्या-सातव्या प्रकरणांत ते देवालाच कोंडीत पकडतात. आज्ञा मोडाल तर मराल, असं देव बोलून बसला होता. शब्द फिरवावा तर देव खोटा ठरतो. शब्द पाळावा, तर ज्यांना प्रेमानं घडवलं ते डोळ्यांदेखत नष्ट होतात. मग घडवलंच कशाला? इतका धीट युक्तिवाद करणाऱ्याला धर्मगुरू म्हणवत नाही. वाटतं, हा वकील आहे, आणि पक्षकार कोण हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. पश्चात्ताप पुरेसा नाही का, हा प्रश्न तेच स्वतःला विचारतात. उत्तर स्वच्छ आहे: केवळ चूक झाली असती तर पश्चात्ताप चालला असता. चुकीमागोमाग क्षय आला आहे, तो आता स्वभावात मुरला आहे. पश्चात्तापानं माणूस पाप थांबवेल. सडणं थांबवणार नाही.

नेमकी इथेच चौदाव्या प्रकरणातली उपमा अपुरी पडते. फळीवरचे डाग बाहेरचे होते. क्षय तसा नाही.

माझ्या वाचनात हा ग्रंथ उजळतो तो तीस प्रकरणं पुढे, चव्वेचाळिसाव्यात. ग्रीक वाचक विचारतो: देवानं नुसत्या इच्छेनं जग केलं, मग माणसाला नुसत्या इच्छेनं बरं का केलं नाही? देह घेण्याचा हा खटाटोप कशासाठी? अथनेशियस म्हणतात, पहिल्या वेळी काहीच नव्हतं, तेव्हा इच्छा पुरली. आता जे आहे तेच आजारी आहे. वैद्याला रोग्याकडे यावंच लागतं. आणि रोग शरीराच्या बाहेर उभा नव्हता, शरीराशी विणला गेला होता. मृत्यू बाहेर असता तर जीवनही बाहेरून हुकूम सोडून देता आलं असतं. तो आत आहे, म्हणून जीवनही आत, त्याच देहात विणावं लागलं.

इथे ते पेंढा हातात घेतात. पेंढ्यापासून आग लांब ठेवली तर पेंढा जळत नाही, खरं. पण तो पेंढाच राहतो आणि आगीची भीतीही तशीच राहते. हाच पेंढा ॲस्बेस्टॉसमध्ये गुंडाळला, तर आग समोर असूनही त्याला तिची भीती उरत नाही. हुकुमानं मृत्यूला लांब ठेवणं ही पहिली गोष्ट. देहानं देवाचा शब्द पांघरणं ही दुसरी. आगीला न जुमानणारा हा पदार्थ अथनेशियसना ठाऊक होता तो भारतातला म्हणून. अठ्ठाविसाव्या प्रकरणात त्याचा उल्लेख भारतीयांच्या नावानंच येतो. आपल्याकडच्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या घरांत वाढलेल्या वाचकाला या ओळीवर हसू येईल, आणि त्या तंतूंनी फुप्फुसांचं काय होतं हे वाचलेल्याला उपमेचा जरा दचकाही बसेल. पण चौथ्या शतकात ते दूर देशातलं, आगीला हसणारं नवल होतं.

फळी आणि पेंढा शेजारी ठेवून पाहिले की लेखकाचा विचार कुठून कुठे गेला ते दिसतं. दोन्ही वस्तू हलक्या, जळाऊ, शेतकऱ्याच्या अंगणात पडलेल्या. पहिलीत शब्द येतो आणि समोर बसतो. दुसरीत तो अंगाला लपेटला जातो. पहिल्या उपमेत एवढं जवळ येणं नव्हतं. आता तारण म्हणजे फक्त चेहरा पुन्हा दिसू लागणं एवढंच राहत नाही, ज्या काडीवर तो उमटला होता तीच न जळणारी होते. आणि दोन्हींत एक हट्ट कायम आहे: जुनं टाकून नवं आणायचं नाही. दुसरी फळी घेणं सोपं होतं.

देह इतका जवळ घेतला तर देव मळणार नाही का, हा आक्षेप त्या काळी खरा होता. तत्त्वज्ञान शिकलेल्या अनेक ग्रीकांना शरीर हेच मुळात लाजिरवाणं वाटे. अथनेशियस सूर्य दाखवतात. तो पृथ्वीवरच्या कशालाही स्पर्श करतो आणि मळत नाही. उलट त्यालाच उजळवतो. उत्तर ठीक आहे, पण मला त्यात थोडी घाई दिसते. सूर्य उन्हानं स्पर्श करतो; त्याला भूक लागत नाही, तहान लागत नाही. देहाच्या गरजांबद्दल अथनेशियस बोलतात, नाही असं नाही, पण चटकन पुढे सरकतात. त्यांच्या ख्रिस्ताच्या मनातली भीती, अटकेआधीची गेथशेमानेतली रात्र, या पुस्तकात जवळजवळ ऐकू येत नाही.

वधस्तंभाकडे आल्यावर मात्र ते थांबतात आणि बारीक बारीक प्रश्न घेतात. सन्मानानं, अंथरुणात का मेला नाही? अंथरुणातलं मरण अशक्तपणाचं. जो स्वतः जीवन आहे त्याला आजार कुठून येणार? मग वधस्तंभाऐवजी दुसरं मरण स्वतः का निवडलं नाही? यावर आखाड्यातली गोष्ट येते. खरा मल्ल आपली जोड स्वतः लावत नाही; लावली, तर लोक म्हणतील की हा तगड्या गड्याला घाबरला. तो जोड प्रेक्षकांवर सोडतो, त्यातही विरोधात बसलेल्यांवर. ख्रिस्तानंही मृत्यू शत्रूंना निवडू दिला, त्यांना जो सर्वांत लाजिरवाणा वाटला तो. कुस्तीच्या मैदानावर बसलेल्या माणसाला ही उपमा तर्क न करता कळेल. मात्र यातून वेदनेचा मुद्दा बाजूला पडतो हेही खरं. मल्ल जिंकतो, पण मल्लाला लागतं हे कुठे दिसत नाही. वधस्तंभावर पसरलेले दोन हात, एका हातानं यहुदी आणि दुसऱ्यानं इतर लोक कवेत घेणारे, ही पंचविसाव्या प्रकरणातली कल्पना या सगळ्या मालिकेत मला सर्वांत हृद्य वाटते.

आणि तीच कल्पना पुढच्या आठ प्रकरणांना लाजवते. तेहतीस ते चाळीस या प्रकरणांत यहुद्यांना खोडून काढण्याचा जो कडवट सूर लागतो, तो आज वाचवत नाही. दोन हातांतला एक हात इथे मुठीत वळलेला आहे. ग्रीकांच्या डेल्फी, डोडोना इथली भविष्यवाणी बंद पडली, मंदिरं ओस पडली, याचा आनंदही विजयोत्सवासारखा आहे. छळ नुकताच संपलेल्या पिढीचा तो सूर आहे हे समजतं. तरी ही पानं त्याच लेखणीची आहेत, हे रसिकानं लपवू नये.

या पिढीचा पुरावा वेगळाच आहे. मृत्यू हरला हे कशावरून? अथनेशियस म्हणतात, बायका आणि मुलं त्याची टिंगल करतात, यावरून. हातपाय बांधून रस्त्यावर टाकलेल्या जुलमी राजाला जाणारे-येणारे चिडवतात, तसं. लहानपणी अलेक्झांड्रियात माणसं मरायला कशी गेली, हे ज्यानं पाहिलं किंवा घरात ऐकलं, त्याच्याच हातून असं उतरतं.

अवताराची कल्पना रक्तात भिनलेल्या मराठी वाचकाला या ग्रंथात दोन ठिकाणी थबकायला होतं. इथे दुष्टांचं निर्दालन नाही. संहार होतो तो फक्त मृत्यूचा. आणि घेतलेला देह काम झाल्यावर उतरवून ठेवायचा नाही. पुनरुत्थानात तोच देह उठतो. मुळापासून, सृष्टीपासून गोष्ट सांगायची ही अथनेशियसांची रीत आपल्या भाषेतही एकदा दिसली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, जे 1616 साली गोव्यातल्या राचोल इथे छापलं गेलं, तेही पहिल्या भागात सृष्टीची निर्मिती आणि मानवाचं पतन सांगतं आणि मगच दुसऱ्या भागात ख्रिस्ताकडे येतं. साष्टीतल्या श्रोत्यांसाठी ओवीत बसवलेली ती मांडणी आणि अलेक्झांड्रियातला हा वाद यांच्यात तेराशे वर्षं आहेत. पण माणूस का हरवला हे सांगितल्याशिवाय देव का आला हे सांगता येत नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

चोपन्नाव्या प्रकरणात ते वाक्य येतं ज्यासाठी या ग्रंथाला पुढच्या शतकांनी ओळखलं. देवाचं माणूस होणं आणि माणसाला देवपणाचा वाटा मिळणं, या दोन हालचाली त्यात एकाच श्वासात, एका क्रियापदाच्या दोन टोकांसारख्या येतात. वेगळं काढून वाचलं तर ते उद्धट वाटेल. फळी आणि पेंढा यांच्यामागून आलेल्याला ते वाटत नाही. तिथवर आलेल्याला माहीत असतं की देवपण म्हणजे इथे आधी न विरणं, न जळणं.

त्याच प्रकरणात अथनेशियस समुद्राकडे बघतात. किनाऱ्यावर उभा राहून लाटा मोजू गेलं तर एक डोळ्यांत येईतो पुढची पुढे जाते. देहात आलेल्या शब्दानं जे जे केलं, त्याचं तसंच. सगळं सांगायला जाऊ नये, थोडंसं सांगावं आणि बाकी आश्चर्यासाठी ठेवावं. असं म्हणतात, आणि पंचावन्नाव्या प्रकरणात लगेच पुन्हा मोजायला बसतात.